लेखनाचं सॉफ्टवेअर घ्यावं का, आणि ४० हजारांत वर्गात खरं काय काय होऊ शकतं

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विक्रोळीतली अनुदानित मराठी शाळा, आठवीच्या दोन तुकड्या, एकेका तुकडीत ५६ मुलं. लॅबमध्ये २० मशीनं आहेत त्यातली १४ चालतात. संस्थेनं ४० हजार मंजूर केलेत आणि एका कंपनीचा माणूस येऊन "लेखनकौशल्य वाढवणारं" सॉफ्टवेअर दाखवून गेलाय, दर मुलामागे वर्षाला ४०० रुपये. घ्यायचं का, नाही घेतलं तर त्या पैशाचं काय करायचं, आणि मुलं एआयकडून निबंध करून आणतात त्याचं काय?

मी लालबाग-परळ भागातल्या अनुदानित शाळेत मराठी शिकवते आणि बरीच वर्षं लॅबची जबाबदारी पण माझ्याकडेच आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. नका घेऊ. साधा हिशोब करा, ११२ मुलं गुणिले ४०० म्हणजे ४४,८००, बजेट तिथेच ओलांडलं, आणि पुढच्या जूनमध्ये परत तेवढेच द्यायचे, नाही दिले की मुलांचं लिहिलेलं सगळं आत अडकून बसणार. लिहायला जे सॉफ्टवेअर लागतं ते फुकट मिळतं आणि ते चांगलं आहे. आपल्या शाळांमध्ये कमी काय पडतं तर मूल कीबोर्डसमोर बसून स्वतःचंच वाक्य दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लिहितं ती वीस मिनिटं. सगळा पैसा, सगळं वेळापत्रक त्या वीस मिनिटांसाठी लावायचं, माझं म्हणणं एवढंच आहे आणि खाली जे लिहितेय ते सगळं त्यासाठीच आहे.

संस्थेच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणारच की कॉम्प्युटरनं लेखन सुधारतं याला आधार काय. तर २००७ साली ग्रॅहम आणि पेरिन या दोघांनी अमेरिकेत चौथी ते बारावीच्या मुलांवरचे लेखनाचे प्रयोग एकत्र करून तुलना केली होती. त्यात वर्ड प्रोसेसरवर लिहिण्याचा परिणाम ०.५५ आला (शून्य म्हणजे काहीच फरक नाही), म्हणजे चांगलाच, पण मुलांनी एकमेकांसोबत बसून लिहिणं, वाचणं, सुधारणं याचा ०.७५ आणि आराखडा कसा करायचा, तपासायचं कसं हे पायरीपायरीनं शिकवण्याचा ०.८२. म्हणजे मशीन उपयोगी आहेच, पण शेजारी बसलेलं दुसरं मूल आणि समोरचे शिक्षक त्याहून उपयोगी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे मशीनं कमी आहेत आणि मुलं भरपूर, आणि इथे ते आपल्या फायद्याचं ठरतं.

आता मशीनं. तुमची बहुतेक विंडोज १० वाली असणार आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नवीन मशीनं घ्यायची गरज नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर आरामात. केरळमधल्या सरकारी शाळा किती वर्षं लिनक्सवरच शिकवतायत, तेव्हा "मुलांना जमेल का" हा प्रश्न मिटलेला आहे. जुनं मशीन खरं अडतं ते हार्डडिस्कमुळे, तासाची पहिली सात-आठ मिनिटं तर चालू होण्यातच जातात. म्हणून पहिला खर्च एसएसडीचा, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कचा करा. लॅमिंग्टन रोडला जाऊन चार दुकानांत विचारा, भाव वरखाली होत असतात पण लहान क्षमतेची मशीनमागे दोन हजारांच्या आसपास धरा, १४ मशीनांचे झाले २८ हजार. उरले १२. त्यात १४ कीबोर्ड, देवनागरी अक्षरं छापलेले मिळतात ते घ्या, साधारण पाच हजारांत बसतील. दीड हजाराचा एक साधा वायफाय राउटर. बाकीचे टोनरला आणि कागदाला ठेवा, कारण स्वतःचं लिहिलेलं छापून हातात आलं की मूल ते घरी नेऊन दाखवतं आणि पुढच्या तासाला लवकर येऊन बसतं. बंद पडलेली सहा मशीनं भंगारात देऊ नका, त्यातली रॅम काढून चालू मशीनांत टाकता येते, एसएमपीएस, म्हणजे आतले वीजपुरवठ्याचे डबे, कामाला येतात. आणि पावसाळ्यात लॅब महिनाभर बंद ठेवू नका, दमट हवेत कनेक्टर गंजतात, आठवड्यातून दोनदा तरी सगळी मशीनं तासभर चालू राहू द्या.

आता टायपिंग. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळीकडे गाडी इथेच अडते.

मुलांना रोमन अक्षरांतून मराठी टायपायची सवय मोबाइलमुळे झालेली असते आणि शिक्षकांना पण तेच सोपं वाटतं. तरीसुद्धा मी आठवीपासून इनस्क्रिप्टच शिकवते, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी कुठलं अक्षर कुठल्या बटणावर हे ठरवून दिलेला कीबोर्डचा आराखडा. १९९१च्या भारतीय मानकात हाच आराखडा दिलेला आहे, विंडोज, लिनक्स सगळीकडे आधीपासून असतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, क आणि ख एकाच बटणावर, ग आणि घ एकाच बटणावर, ख किंवा घ हवा तर शिफ्ट. बाराखडी येणाऱ्या मुलाला हे दोन आठवड्यांत समजतं. आणि हिंदीच्या तासालाही तोच आराखडा चालतो, परत शिकावं लागत नाही.

पण खरं कारण वेगळं आहे. रोमनमधून "दुसऱ्या" टायपून बघा. बऱ्याचदा येतं "दुसर्या", रफार डोक्यावर चढलेला. मुलाला वाटतं मशीननं दिलंय म्हणजे बरोबरच असणार. "सह्याद्रीच्या दऱ्या" लिहायला जावं तर तिथे "दर्या" येतो, म्हणजे डोंगरात समुद्र. इनस्क्रिप्टमध्ये "दुसऱ्या" असा येतो: ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, स्लॅश, ई. शिफ्ट-जे म्हणजे तो नुक्तावाला ऱ, डी म्हणजे हलंत. मुलाला स्वतः ठरवावं लागतं की इथे कुठला र हवा, मग ते शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघतं, आणि त्या एका क्षणी जो व्याकरणाचा धडा होतो तो फळ्यावर कितीही वेळा लिहून होत नाही. रोज तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं फक्त टायपिंग ठेवा, पाठ्यपुस्तकातला उतारा नको, मुलांनी आदल्या दिवशी वहीत लिहिलेलं स्वतःचंच काहीतरी टायपू द्या. जूनमध्ये सुरू केलं तर दिवाळीपर्यंत बहुतेक मुलं बऱ्यापैकी हात चालवायला लागतात. हाताला वेग येईपर्यंत मोठा निबंध टायपायला देऊ नका हो, तीन-चार ओळी पुरे, नाहीतर मूल अक्षरं शोधण्यातच दमतं आणि विचार बाजूला पडतो.

आणि जे काही टायपाल ते युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या मशीनांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत. शाळेच्या ऑफिसात जुना फॉन्ट वापरतात म्हणून लॅबमध्ये पण तोच, असं करू नका. त्या फॉन्टातलं लिखाण दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, शोधता येत नाही, पालकांना पाठवता येत नाही. फॉन्ट "मुक्त" (Mukta) नावाचा घ्या, आपल्या मुंबईच्याच "एक टाइप" (Ek Type) नावाच्या गटानं केलेला आहे, फुकट आहे, १४ पॉइंटला छान वाचता येतो.

लिहायला लिब्रेऑफिस रायटर. मिंटमध्ये आधीच असतं. एक सेटिंग मात्र पहिल्या दिवशीच करा, ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगला जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर टिक करा आणि तिथे मराठी निवडा. हे केलं नाही की मुलं फॉन्टचा साइज बदलत बसतात आणि अक्षर हलत नाही, कारण देवनागरीचा फॉन्ट तिथे वेगळा धरला जातो, आणि शिक्षक म्हणतात हे सॉफ्टवेअरच खराब आहे.

स्पेलचेकबद्दल फार आशा ठेवू नका, आणि तुमच्या त्या कंपनीच्या माणसाकडे पण हीच परीक्षा घ्या. त्याला म्हणा "शेजारच्यांनासुद्धा", "धारावीतल्यांचंही" असे शब्द टाका आणि बघा खाली लाल रेघ येते का. मराठीत शब्दाला विभक्ती लागते, मग शब्दयोगी, वर आणखी च किंवा ही, एका शब्दाची कितीतरी रूपं होतात, शब्दांची नुसती यादी धरून तपासणारं साधन तिथे कमी पडतं आणि बरोबर शब्दाखाली पण रेघ मारतं. मूल घाबरून चांगला शब्द काढून सोपा टाकतं, हे मी खूप बघितलंय. त्याऐवजी मी वर्गाची चुकांची यादी करून घेते. "आणी", "परंतू", "मूलांना", "सूरुवात" असे जे जे त्या वर्गात परत परत येतात ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, आणि लिखाण संपलं की प्रत्येकानं कंट्रोल-एफ दाबून एकेक शब्द आपल्या फाइलीत शोधायचा. सापडला तर स्वतः दुरुस्त करायचा. ऑटोकरेक्टमध्ये टाकून ठेवू नका, मशीननं गुपचूप दुरुस्त केलं तर मुलाला कळतच नाही की आपण चुकलो होतो, आणि बोर्डाचा पेपर हातानंच लिहायचा आहे.

आता वर्ग कसा बसवायचा. ५६ मुलांचे दोन भाग करा, २८ लॅबमध्ये, २८ वर्गात वही घेऊन, पुढच्या तासाला अदलाबदल. सहकारी शिक्षक नाही मिळाले तर ग्रंथालयाचा तास जोडून घ्या, मुख्याध्यापकांना वेळापत्रकात हे एकदा पटवून द्यावं लागतं. १४ मशीनं, २८ मुलं, दोघांत एक. एक टायपतो, दुसरा शेजारी बसून वाचतो आणि विचारतो, दहा मिनिटांनी जागा बदलायची. शेजारच्यानं चूक काढायची नाही, फक्त प्रश्न विचारायचा आणि तो कॉमेंट म्हणून तिथेच टायपायचा. मशीन कमी आहेत म्हणून ही जोडी नाही, १४च्या जागी २८ मशीनं मिळाली तरी मी असंच बसवीन.

एक उदाहरण देते म्हणजे लक्षात येईल. विषय होता पावसाळ्यातला एक दिवस. एका मुलीचा पहिला मसुदा असा: "पावसाळा हा ऋतूंचा राजा आहे. धरतीमाता हिरवा शालू नेसते. बळीराजा सुखावतो." सगळ्या गाइडमध्ये हेच असतं, तिनं पाठ केलेलं होतं. शेजारच्या मुलीनं कॉमेंट टाकली, "हे तू कुठे बघितलंस? तुमच्या दुकानात पाणी येतं ते का नाही लिहिलं?" दुसऱ्या मसुद्यात आलं, "हिंदमाताला पाणी भरतं. आमच्या दुकानात पण पाणी येतं." परत प्रश्न, "मग तुम्ही काय करता?" आणि तिसरा मसुदा असा: "पाणी दुसऱ्या पायरीला लागलं की बाबा शिलाई मशीन टेबलावर चढवतात आणि मी कपड्यांची बोचकी माळ्यावर फेकते. मग शटर अर्धं ओढून आम्ही आत बसतो. पाण्यातून कोणाची तरी चप्पल जाते." मी यात एक शब्द सांगितला नव्हता.

वहीत हे होत नाही. वहीत तिसरा मसुदा म्हणजे सगळं पान परत उतरवायचं, कोण करेल, मूल पण नाही करत आणि आपणही तीनदा तपासत नाही. म्हणून पहिला मसुदा तोच शेवटचा ठरतो आणि त्यात हिरवा शालू कायमचा राहतो. सॉफ्टवेअरचा खरा फायदा काय तर खोडायची भीती जाते. त्यासाठी दर वेळी नवीन नावानं सेव्ह करायला लावा, "८ब २३ पहिला", "८ब २३ दुसरा" असं हजेरी क्रमांक टाकून. मग रायटरमध्येच दोन फाइलींची तुलना करायची सोय आहे, काय काढलं काय घातलं ते रंगात दिसतं, आपण तेवढंच वाचायचं. मी मार्क पण त्याच बदलाला देते, शेवटच्या निबंधाला कमी आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत काय केलं त्याला जास्त. त्यामुळे कच्चं मूलही पुढे येतं.

राउटर घ्यायला सांगितलं ते एथरपॅडसाठी. हे पण फुकट आहे, एका मशीनवर टाकायचं, बाकीची मशीनं किंवा मोबाइल त्याच वायफायवरून ब्राउझरमध्ये उघडतात, इंटरनेट लागत नाही. सगळे एकाच पानावर लिहितात, प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि त्यात टाइमस्लायडर म्हणून सोय आहे, पान कसं कसं लिहिलं गेलं ते सुरुवातीपासून परत चालवून बघता येतं. बातमीलेखन, संवादलेखन याला फार उपयोगी. बसवायला थोडं तांत्रिक आहे, आयटीत असलेला एखादा माजी विद्यार्थी एका दुपारी करून देईल, त्याला बोलवा, त्यांना शाळेत यायला आवडतं.

बोलून टायपणं, म्हणजे गुगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग, मराठीत चालतं पण इंटरनेट लागतं आणि शेजारी वर्ग भरलेला असेल तर गोंधळात नीट ऐकत नाही. पण दोन ठिकाणी मी ते मुद्दाम वापरते. ज्या मुलांना लिहिण्याचीच अडचण आहे, लर्निंग डिसेबिलिटी आहे, ती तोंडी इतकं सुंदर सांगतात आणि कागदावर दोन ओळी येतात, त्यांना हे पहिल्यांदा दिलं तेव्हा त्यांचे पालक रडले होते. आणि दुसरं, मराठीत बोललं की विरामचिन्हं येत नाहीत, सगळं एक लांबच लांब वाक्य होऊन येतं. तेच छापून वर्गाला द्या आणि पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं घालायला सांगा. स्वतःच बोललेलं असतं त्यामुळे कुठे थांबलो होतो ते मुलाला आठवतं.

तुम्ही एआयचं पण विचारलंत. मुलं घरी मोबाइलवर निबंध तयार करून आणतात हे खरं आहे. पकडणारी सॉफ्टवेअरं घेऊ नका, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं एआयचं लिखाण ओळखणारं स्वतःचंच साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये बंद केलं, मराठीत तर विश्वास ठेवूच नका, एखाद्या निर्दोष मुलावर आळ आला तर ते मूल परत मनापासून लिहिणार नाही. पहिला मसुदा वर्गातच, जोडीदाराच्या समोर. एवढं केलं की प्रश्न बराचसा सुटतो.

मुलांच्या माहितीबद्दल एक गोष्ट संस्थेला नक्की सांगा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्या कंपनीचा माणूस जर मुलांची नावं, मोबाइल नंबर, जन्मतारीख भरा म्हणत असेल तर सही करायच्या आधी हे विचारा. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांचीही शाळांसाठीची मूळ आवृत्ती पात्र शाळांना फुकट असते, पुढे कधी इंटरनेट चांगलं झालं तर शाळेच्या नावानं ती घ्या, मुलांना खाजगी अकाउंट काढायला लावू नका.

शेवटी मुख्याध्यापक म्हणतील दहावीला पेपर हातानं लिहायचा, मग हे कशाला. कुमारभारतीच्या ८० मार्कांच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ मार्क आहेत, पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंध सगळं त्यात येतं आणि मुलांचे मार्क जातात ते तिथेच. म्हणून तिसरा मसुदा झाला की तो मशीनवर न बघता वहीत परत लिहायला लावते, वेळ लावून. स्वतः घडवलेलं असतं त्यामुळे पाठ करावं लागत नाही.

आठवीच्या फक्त एका तुकडीपासून सुरुवात करा, दुसरी तुकडी दिवाळीनंतर. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला मुलांच्या निवडक लिखाणाचा छोटा अंक छापा, एका पानावर शेवटचा मसुदा आणि समोरच्या पानावर त्याचा पहिला. संस्थेच्या लोकांच्या हातात तो द्या आणि पुढच्या वर्षीचे पैसे तेव्हा मागा. लिनक्स टाकताना बहुतेक करून प्रिंटर त्रास देतो, तसं झालं तर प्रिंटरचा मॉडेल नंबर लिहून पाठवा, बघते.